घरचा केक: हंगाम हिवाळ्याचा, मजुरी कोणाची?

दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला की केकचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरमध्ये नाताळ, मग ३१ डिसेंबर, शाळांची स्नेहसंमेलने, लग्नसराई आणि जानेवारीत संक्रांत असा हा दोन-अडीच महिन्यांचा काळ आहे. उन्हाळ्यात क्रीम वितळते, पावसाळ्यात बुरशीची भीती असते. थंडीत मात्र केक टिकतो, गावाला पाठवता येतो आणि चहाबरोबर खपतोही चांगला. त्यामुळे वर्षभर घरच्यापुरता केक करणाऱ्या अनेक भगिनी या दिवसांत ऑर्डरी घेऊ लागतात.

धंदा चांगला आहे. भांडवल थोडे लागते, दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही. तरीही दोन-तीन हंगामांनंतर तो बंद पडलेला आम्ही अनेक घरांत पाहतो. गिऱ्हाईक कमी पडले म्हणून तो सहसा बंद पडत नाही. भाव ठरवताना मैदा, साखर, अंडी धरली जातात आणि करणाऱ्या बाईची मजुरी कोणी धरत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. आज या पानावर आम्ही त्याच गोष्टीचा हिशेब मांडत आहोत. आपल्या घरात सुतार असेल, शिंपी असेल, तर तो मजुरी सोडून कधी भाव सांगतो का? मग केक करणाऱ्या हातांनाच वेगळा न्याय का?

भट्टीपासून ओव्हनपर्यंत

घरचा केक आपल्याकडे नवा नाही. घरोघर ओव्हन नव्हते तेव्हा रव्याच्या केकचे मिश्रण पातेल्यात वाळू घालून, वर झाकण ठेवून भाजले जाई. कुणी कुकरची रिंग आणि शिटी काढून त्यात भाजत असे. नानकटाईचे पीठ तर घरी मळून मोहल्ल्यातल्या बेकरीत नेण्याची पद्धत होती. किलोमागे भाजणावळ द्यायची आणि डबा भरून घरी आणायचा. पुढे काचेच्या झाकणाचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. आज त्याच्या जागी पेटीसारखा ओव्हन दिसतो.

थंडीतला केक हा व्यापार म्हणूनही जुना आहे. केरळातील थलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांची रॉयल बिस्किट फॅक्टरी होती. १८८३ साली मर्डोक ब्राऊन या मळेवाल्या इंग्रजाने विलायतेहून आणलेला केक दाखवून तसाच नाताळसाठी करून मागितला आणि बापूंनी तो स्थानिक सामग्रीतून करून दिला, असे सांगितले जाते. भारतीय हातांनी केलेला नाताळचा पहिला केक म्हणून त्याची गोष्ट आजही सांगतात. बिस्किटे करणारा कारागीर परक्या सणाचे गिऱ्हाईक ओळखतो आणि आपल्या बाजारातल्या मालावर त्याची मागणी पुरी करतो, एवढा बोध आमच्या वाचकांसाठी पुरेसा आहे.

गिऱ्हाईक कोण?

हिवाळ्यात एकाच प्रकारच्या केकवर बसून चालणार नाही, कारण गिऱ्हाईक अनेक प्रकारचे असते.

ख्रिस्ती कुटुंबांना नाताळसाठी काळसर, सुक्या मेव्याचा प्लम केक लागतो. हिंदू घरांत मार्गशीर्ष महिना याच काळात येतो. गुरुवारच्या महालक्ष्मी व्रतामुळे आणि एरवीही अनेक घरांत त्या महिन्यात अंडे चालत नाही, पण मुलांचे वाढदिवस थांबत नाहीत. जैन कुटुंबांना तर बारा महिने बिनअंड्याचाच केक हवा असतो. संक्रांतीच्या सुमारास तीळ-गुळाचा केक केल्यास तो नवा म्हणून खपतो. आपल्या समाजात लग्ने, अकीका, मुलांच्या खतम-ए-कुरआनच्या मेजवान्या असतात.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२८ साली तो जानेवारीच्या अखेरीस आणि २०२९ साली जानेवारीच्या मध्यावर सुरू होण्याचा अंदाज आहे. २०३० साली तर तो जानेवारीच्या सुरुवातीस एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा येईल. दिवस अर्थातच चंद्रदर्शनावर ठरतील. याचा अर्थ, इफ्तारच्या दावती, ईदची मिठाई आणि नाताळ-नववर्षाची मागणी एकाच थंडीत जवळजवळ येत जाणार आहे. सुमारे २००० सालीही असेच घडले होते. त्या वर्षात ईदुल फित्र जानेवारीत एकदा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा आली होती. पुढच्या काही वर्षांचा हा योग ज्यांचे हात आणि गिऱ्हाइके आधीपासून तयार असतील, त्यांच्याच उपयोगी पडेल.

थंडीत काय सांभाळावे?

हिवाळा केक टिकवतो खरा, पण करताना अडवतोही. थंडीत लोणी घट्ट असते. घाईने फेटले तर ते फुलत नाही आणि केक बसका होतो. बटर दोन-तीन तास आधी बाहेर काढून ठेवावे. बोट दाबले की खळगा पडावा, पण वितळू नये. गॅसवर पातळ केलेले लोणी या केकला चालत नाही. अंडीही गार असू नयेत. सालासकट पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की काम होते. एकेक अंडे घालून फेटावे. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर चमचाभर मैदा टाकावा, ते जुळून येते.

ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटे तापवावा. साधा केक १७० ते १८० अंश सेल्सिअसवर भाजतात. सुक्या मेव्याचा जड केक १५० अंशांच्या आसपास जास्त वेळ ठेवावा लागतो, नाहीतर वरून जळतो आणि आतून कच्चा राहतो. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्यावा. त्याची किंमत एक-दोन बिघडलेल्या केकइतकीच असते. असे ओव्हन दीड ते दोन हजार वॅट वीज ओढतात. त्यांना जाड पिनेचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. साध्या एक्स्टेन्शनवर ओव्हन लावू नये.

भाजलेला केक पूर्ण गार झाल्याशिवाय खोक्यात भरू नये. कोमट केकची वाफ खोक्यात धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. केक किती दिवस टिकतो हे दुसऱ्याला विचारण्यापेक्षा प्रत्येक घाण्यातला एक तुकडा तारीख लिहून बाजूला ठेवावा आणि रोज पाहावा. आपल्या घरच्या हवेत, आपल्या हातचा केक किती टिकतो ते दोन आठवड्यांत कळते. गिऱ्हाइकाला त्याहून तीन दिवस कमीच सांगावेत. क्रीमचा केक मात्र थंडीतही फ्रिजमध्येच ठेवावा.

रमशिवाय प्लम केक

प्लम केक म्हणजे रममध्ये भिजवलेला मेवा, ही समजूत पक्की आहे. आमच्या वाचकांना अर्थातच ते चालणार नाही आणि त्याची गरजही नाही. मनुका, काळे मनुके, खजूर, अंजीर, संत्र्याची साल आणि आल्याचा मुरंबा संत्र्याच्या किंवा द्राक्षाच्या रसात मंद आचेवर शिजवावा. रस मेव्यात मुरला की उतरवून गार करावा आणि दुसऱ्या दिवशी वापरावा. रसात भिजवलेला मेवा आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवू नये. तो आंबतो, आणि मग ज्या कारणासाठी रम टाळली तेच बिघडते. फार दिवस आधी करायचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. काळा रंग साखर जाळून आणावा. तपकिरी झालेल्या साखरेत सांभाळून गरम पाणी ओतले की पाक तयार होतो. जायफळ, दालचिनी, लवंग आणि सुंठ यांची पूड ताजी असावी.

हा सारा माल आपल्याच राज्यात आहे. सांगली-तासगावचा बेदाणा, नागपूरचे संत्रे, कोल्हापूरचा गूळ, कोकणातले काजू आणि जायफळ, महाबळेश्वर-पाचगणीची थंडीतली स्ट्रॉबेरी, शिवाय हिवाळ्यातले लाल गाजर. मेवा घाऊक बाजारातून चार-पाच जणींनी मिळून घेतला तर किलोमागे बरीच बचत होते.

हलालचा विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास बारीक गोष्टींवर टिकतो. व्हॅनिला इसेन्समध्ये अनेकदा अल्कोहोल असते; बाटलीवरचे बारीक अक्षर वाचून घ्यावे, अल्कोहोलविरहित इसेन्स बाजारात मिळतो. जिलेटिन जनावरांपासून होते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासूनचा चायना ग्रास वापरता येतो. लाल रंगांपैकी १२० क्रमांकाचा रंग किड्यांपासून काढतात. आपण काय वापरतो ते लिहून ठेवावे आणि विचारणाऱ्याला दाखवावे.

हीच सचोटी बिनअंड्याच्या केकबाबत पाळावी. त्याचे साचे, बीटर, चमचे वेगळे ठेवावेत आणि तो आधी करून घ्यावा. ज्याचे व्रत आहे त्याचा विश्वास आपल्या विश्वासाइतकाच मोलाचा आहे. एकदा मोडला तर त्या सबंध सोसायटीतले गिऱ्हाईक जाते.

आता हिशेब

सर्वांत सोपा, समान वजनाचा केक घेऊ: मैदा, साखर, बटर पाव-पाव किलो आणि पाच अंडी. खालील भाव आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचे भाव घालून प्रत्येकाने हा तक्ता पुन्हा मांडावा.

मैदा, ४४ रुपये किलोने: ११ रुपये
साखर, ४४ रुपये किलोने: ११ रुपये
बटर, ५६० रुपये किलोने: १४० रुपये
अंडी ५, ७ रुपयांस एक: ३५ रुपये
बेकिंग पावडर, इसेन्स: ८ रुपये
कागद व खोका: १५ रुपये
वीज: १२ रुपये
बिघाड, वीस केकांत एक धरून: १२ रुपये
ओव्हन-बीटरची झीज: १५ रुपये
एकूण: २५९ रुपये

बहुतेक घरांत हिशेब पहिल्या पाच ओळींवरच, म्हणजे २०५ रुपयांवर थांबतो. मग ३०० रुपये किलो हा भाव छान वाटतो. पण इथे दुसरी चूक लपलेली आहे. मिश्रण एक किलोचे असले तरी भाजताना पाणी उडते आणि हातात सुमारे ९०० ग्रॅमच केक येतो. ३०० रुपये किलोने त्याचे २७० रुपये झाले. खर्च २५९. उरले ११ रुपये.

या अकरा रुपयांत चाळणे, फेटणे, भाजणे, भांडी घासणे आणि खोका भरणे आले. एकच केक करायला दीड तास मोडतो. दीड तासाची मजुरी अकरा रुपये! आपल्या कारखान्यात कोणी या मजुरीवर उभा राहील का?

आता मजुरी तासाला ७० रुपये धरू. एक केक सुटा केला तर १०५ रुपये मजुरी पडते आणि तो केक ३६४ रुपयांना जातो. चार केकांचे साहित्य एकदम मापून, एका बैठकीत केले तर साधारण अडीच तासांत काम होते. मजुरी १७५ रुपये, म्हणजे केकमागे ४४. केक ३०३ रुपयांत पडला. ९०० ग्रॅमचे ३०३, तर किलोचे झाले ३३७. त्यावर २० टक्के नफा धरला की भाव येतो ४०४ रुपये किलो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, या भावांत ४०० रुपयांच्या खाली विकणारी भगिनी आपली मजुरी किंवा नफा गिऱ्हाइकाला फुकट देत आहे. दुसरी, मजुरी कमी करण्याचा खरा मार्ग एकत्र घाणा काढण्यात आहे. म्हणून ऑर्डरी रोज एकेक न घेता आठवड्यातले दोन भाजणीचे दिवस ठरवावेत आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगावेत.

दुकानात माल ठेवायचा असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. समजा दुकानात ४५० रुपये किलो भाव लावला आणि दुकानदाराने २० टक्के कमिशन घेतले, तर ९० रुपये गेले, हाती ३६० आले. ३३७ वजा जाता किलोमागे २३ रुपये राहतात, आणि न खपलेला माल परत आला तर तेही जातात. दुकान हे नाव होण्यासाठी ठीक आहे. पोट भरते ते थेट गिऱ्हाइकावर.

भाव का वाढला, हे सांगता आले पाहिजे

थंडीत अंड्यांची मागणी वाढते आणि बहुधा भावही चढतात. पुणे येथून चालणारी, १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोजचे दर जाहीर करते. हंगामाच्या तोंडावर ते पाहत राहावेत. नोव्हेंबरचा भाव नाताळच्या ऑर्डरीला बांधून घेऊ नये.

बटर महाग म्हणून त्याच्या जागी मार्गारीन घालण्याचा मोह होतो. घालायचेच असेल तर उघड सांगून, भाव कमी करून घालावे. खोक्यावर बटर लिहून आत मार्गारीन भरणे ही सरळ फसवणूक आहे. मार्गारीन किंवा वनस्पती घेताना ट्रान्स फॅटचा आकडाही पाहावा; जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्के आहे.

आणखी एक बदल बाजारात झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री, बिस्किटे यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. बटरवरील करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लहान घरगुती धंदा नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने गिऱ्हाइकाकडून हा कर घेत नाही. मोठ्या बेकरीच्या केकवर १८ टक्के कर होता तेव्हा घरच्या केकला आपोआप थोडी सवलत मिळत होती, ती आता बरीच कमी झाली आहे. म्हणून निव्वळ स्वस्ताईवर बेकरीशी टक्कर देता येणार नाही. ताजेपणा, खरे लोणी, वजनाचा चोखपणा आणि सांगितलेल्या वेळी माल, याच गोष्टींवर घरचा केक उभा राहील.

वजनाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याकडे केक पौंडावर विकण्याची जुनी सवय आहे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. कोणी त्यालाच अर्धा किलो म्हणतो, कोणी चारशेवर भागवतो. आपण ग्रॅममध्येच विकावे, गार झालेला केक काट्यावर ठेवून, गिऱ्हाइकासमोर.

नोंदणी आणि चिठ्ठी

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा कायदा लागू आहे. हा कायदा २००६ चा असून त्याखालील परवाना-नोंदणीचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. लहान उद्योगांना सोपी नोंदणी करता येते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. उलाढालीची मर्यादा व फी वेळोवेळी बदलते, ती अर्ज करतानाच पाहून घ्यावी. क्रमांक असला की शाळा, कार्यालये, दुकाने माल घेताना कचरत नाहीत.

खोक्यावरील चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा ती तारीख, किंमत, नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा. अंडे घातलेला केक नियमाप्रमाणे मांसाहारी खुणेत मोडतो, हिरवी खूण त्यावर लावता येत नाही.

ओव्हन लगेच घेऊ नका

नवीन सुरुवात करणाऱ्यांना आमचा सल्ला असा की, कर्ज काढून मोठा ओव्हन आणू नये. पहिले वीस-पंचवीस केक घरच्या साधनावर किंवा ओळखीच्या बेकरीत भाजणावळ देऊन करावेत. दुपारी बेकरीची भट्टी किंवा ओव्हन रिकामा असेल तर बेकरीवाल्यालाही चार पैसे मिळतात. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले, तेव्हापासून तिथल्या बेकरीवाल्यांना गॅस-विजेच्या ओव्हनचा खर्च पडू लागला आहे. अशा वेळी रिकाम्या तासांचे भाडे त्यांनाही नको होणार नाही. त्या पंचवीस केकांच्या मजुरीचे आणि नफ्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवावेत. ओव्हन त्यातूनच यावा.

ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. नाताळच्या ऑर्डरी २० डिसेंबरला बंद कराव्यात. शेवटच्या दिवसांत घेतलेली जास्तीची ऑर्डरच बहुधा बिघडते आणि वर्षभराचे नाव घालवते.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक मात्र नात्यातले. "भाभी, घरच्या माणसाकडून काय पैसे घेता?" असे कुणी हसत म्हणाले की अडीच तासांचे काम बुडाले. नात्यातल्या माणसाला केक भेट द्यायचा तर खुशाल द्यावा, त्यात बरकत आहे. पण त्याची नोंद वहीत भेट म्हणून करावी आणि विक्रीचा भाव सर्वांना एकच ठेवावा. घरातल्या पुरुषांनीही ही वही वाचावी. बायकोने, बहिणीने केलेल्या कामाचे तास त्या वहीत लिहिलेले नसतील, तर तो हिशेब अपुरा आहे.

यंदा केकची पहिली ऑर्डर घेण्याआधी वजनकाटा आणि वही, या दोन वस्तू आणाव्यात. वहीच्या पहिल्या ओळीत मैद्याचा भाव नंतर लिहा. आधी आपल्या एका तासाचा भाव लिहा.